तीन महिने गहू बंद, मग टीटीजी नॉर्मल: आता काय समजायचं?

ताई, तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. बाकीच्यांनाही संदर्भ लागावा म्हणून आधी तो थोडक्यात मांडते. मुलगी सात वर्षांची. वर्षभरात उंची जेमतेम दोन सेंटिमीटर वाढली. हिमोग्लोबिन ८.४ होतं आणि सहा महिने लोहाचं औषध नियमित देऊनही नऊच्या वर सरकत नव्हतं. बालरोगतज्ज्ञांना सीलिअ‍ॅकची शंका आली, म्हणजे गव्हातल्या ग्लूटेन या प्रथिनामुळे लहान आतडं खराब होण्याचा आजार. त्यांनी त्याची रक्ततपासणी 'टीटीजी आयजीए' करायला सांगितली, ते ६४ आलं, रिपोर्टवर 'नॉर्मल २० पेक्षा कमी' असं छापलेलं. पुढची अपॉइंटमेंट मिळेपर्यंत एका नातेवाइकांनी सांगितलं, 'गहू बंद करा, माझ्या भाच्याला असंच झालं होतं.' तुम्ही घरातल्या सगळ्यांचाच गहू बंद केला. तीन महिन्यांनी दुसऱ्या लॅबमध्ये तीच तपासणी केली, ७.८ आलं, तिथे नॉर्मल १० पेक्षा कमी. मुलीची भूक वाढली, वजन दीड किलोने वाढलं. आणि आता पोटविकारतज्ज्ञ म्हणतायत, गहू पुन्हा सुरू करा, मग एंडोस्कोपी करू. तुम्ही विचारलंय, 'रिपोर्ट नॉर्मल आला म्हणजे ती बरी झाली ना? मग तिला पुन्हा आजारी कशाला पाडायचं? आणि रक्ताच्या तपासणीवर भागत नाही का?' शेवटी एका ओळीत तिच्या धाकट्या भावाचाही उल्लेख आहे, त्याच्याकडे शेवटी येते.

मी पॅथॉलॉजिस्ट आहे, सव्वीस वर्षं झाली. सुरुवातीची बरीच वर्षं सोलापूरकडे गेली, आता पुण्यात असते. माझ्यासमोर पेशंट क्वचितच बसतो. त्याची पिवळ्या झाकणाची नळी येते आणि कधी नंतर फॉर्मॅलिनच्या बाटलीत आतड्याचे तांदळाएवढे तुकडे येतात. म्हणजे सीलिअ‍ॅकच्या बाबतीत रक्त आणि बायोप्सी दोन्ही माझ्याच टेबलावर भेटतात. उपचाराचा निर्णय तुमच्या डॉक्टरांचाच. पण हे आकडे कसे तयार होतात आणि कधी गंडवतात, ते मी सांगू शकते.

तुमचा दुसरा रिपोर्ट चुकीचा असेलच असं नाही. तो चुकीच्या वेळी काढलेला आहे. या तपासणीची एक अट असते, ती बहुतेक रिपोर्टांवर छापलेली नसते आणि रक्त घेणारा मुलगा सांगत नाही: माणूस गहू खात असतानाच हिला अर्थ आहे. उपाशीपोटी रक्त द्यायला लागतं का, हे सगळे विचारतात. (नाही लागत.) 'सध्या पोळी खाताय ना?' हे विचारणारा मात्र विरळा.

असं का, ते समजून घ्या. गव्हातलं ग्लूटेन पूर्ण पचत नाही, त्याचे काही लांब तुकडे आतड्यात शिल्लक राहतात. सगळ्यांच्याच. ज्यांच्या पेशींवर डीक्यू२ किंवा डीक्यू८ नावाच्या विशिष्ट जनुकीय खुणा असतात, त्यांच्यातल्या काही थोड्या लोकांत पुढची गडबड होते. आतड्याच्या भिंतीत टिश्यू ट्रान्सग्लुटामिनेज, म्हणजेच आपलं टीटीजी, नावाचं एक एन्झाइम असतं. ते त्या तुकड्यांमध्ये किंचित रासायनिक बदल करतं आणि बदललेला तुकडा त्या डीक्यूच्या खाचेत घट्ट बसतो. शरीराच्या संरक्षण यंत्रणेला तो शत्रू वाटतो. गंमत अशी की यात ती गव्हाच्या तुकड्याविरुद्ध प्रतिपिंडं (अँटीबॉडीज) बनवतेच, पण जे एन्झाइम त्या तुकड्याला चिकटलेलं असतं, त्या बिचाऱ्या आपल्याच टीटीजीविरुद्धही बनवते. हे टीटीजीच खरं लक्ष्य आहे, हे जर्मनीतल्या संशोधकांनी १९९७ मध्ये दाखवलं, आणि त्यानंतर ही तपासणी आजच्या स्वरूपात आली. त्याआधी याच प्रतिपिंडांचा माग माकडाच्या अन्ननलिकेच्या कापांवर काढायचे, त्याबद्दल पुढे सांगते.

म्हणजे टीटीजी आयजीए हा ग्लूटेनला शरीराने दिलेल्या प्रतिसादाचा आकडा आहे. ग्लूटेन थांबलं की प्रतिपिंडं बनवायचं कारण संपतं, जुनी हळूहळू ओसरतात. ढोबळमानाने दीड-दोन महिन्यांत पातळी निम्म्यावर येते. सुरुवातीला फार चढलेली असेल तर नॉर्मलला यायला वर्ष, दीड वर्षही लागतं. साधारण तिप्पटच चढलेली असेल तर तीन महिन्यांत नॉर्मलच्या आत किंवा आसपास येऊ शकते. तुमच्या मुलीचं नेमकं तसंच झालेलं असू शकतं. पण उलटंही शक्य आहे. असे मध्यम आकडे कधीकधी आहार न बदलताही खाली येतात. तुम्ही दोन्ही गोष्टी एकाच वेळी केल्या, काळही गेला आणि गहूही गेला. त्यामुळे कशामुळे काय झालं, हे आता त्या ७.८ वरून कुणीच सांगू शकणार नाही.

आता आकड्यांकडे. ६४ वरून ७.८ झाले, म्हणजे ५६ ने उतरले, अशी वजाबाकी तुम्ही केली आहे. ती करू नका. रक्तातली साखर मोजली तर अकोल्यात आणि अंधेरीत एकाच मापात येते. टीटीजीचं तसं नाही. प्रत्येक कंपनीचं किट स्वतःचं एकक ठरवतं. कुणाची नॉर्मलची वरची मर्यादा ७, कुणाची १०, कुणाची २०. म्हणून आम्ही आकडा वाचत नाही, पट वाचतो. पहिला रिपोर्ट ६४ भागिले २०, म्हणजे मर्यादेच्या ३.२ पट. दुसरा ७.८ भागिले १०, म्हणजे पाऊण पटीहून जरा जास्त, मर्यादेच्या आत पण काठाला टेकलेला. माझ्याकडे किट बदललं त्या वर्षी मी जुन्या आणि नव्या किटवर तेच काही नमुने लावून पाहिले होते. ठळक पॉझिटिव्ह दोन्हीकडे पॉझिटिव्ह, स्वच्छ निगेटिव्ह दोन्हीकडे निगेटिव्ह. काठावरच्यांपैकी काहींनी मात्र बाजू बदलली. त्यामुळे पुढे पाठपुरावा करताना शक्यतो एकच लॅब धरा, आणि लॅबने किट बदललंय का तेही बिनधास्त विचारा. चांगली लॅब सांगते.

रक्तावर भागत नाही का, या तुमच्या प्रश्नाला उत्तर 'कधीकधी भागतं' असं आहे. युरोपातल्या बालपोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१२ मध्ये प्रथम आणि २०२० मध्ये आणखी सोप्या स्वरूपात असं सांगितलं की मुलाचं टीटीजी आयजीए मर्यादेच्या दहा पट किंवा त्याहून जास्त असेल, आणि वेगळ्या दिवशी घेतलेल्या दुसऱ्या नमुन्यात ईएमए (तीच माकडाच्या अन्ननलिकेच्या कापावरची) ही तपासणीही पॉझिटिव्ह आली, तर आईवडिलांशी बोलून बायोप्सीशिवाय निदान पक्कं करता येतं. तुमच्या पहिल्या लॅबच्या हिशेबाने ही रेषा २०० वर येते. तुम्ही ६४ वर होता. दहा पटीच्या उंचीवर खोटा पॉझिटिव्ह दुर्मीळ असतो म्हणून तिथे सूट आहे. तिपटीला ती सूट नाही.

तिपटीला खोटा पॉझिटिव्ह येतो तरी कशाने? टाइप १ मधुमेहाच्या मुलांमध्ये असे हलके चढलेले आकडे येतात आणि काहींचे गहू खाता खाता आपोआप उतरतात. थायरॉइडचे आणि यकृताचे ऑटोइम्यून आजार, एखादा जंतुसंसर्ग, यांतही दिसतात. शिवाय तपासणी कुणाची केली यावर बरंच अवलंबून असतं. समजा हजार मुलांमध्ये खरा सीलिअ‍ॅक दहा जणांना आहे, आणि तपासणी निरोगी मुलांपैकी शंभरातल्या फक्त दोघांना चुकून पॉझिटिव्ह ठरवते. तपासणी चांगलीच म्हणायची. तरीही हजारांत वीसेक खोटे पॉझिटिव्ह निघतील आणि खरे फार तर दहा. हेल्थ चेकअपच्या पॅकेजात उगाच घुसवलेल्या टीटीजीने घाबरलेले आईबाप मी बरेच पाहिले आहेत. तुमच्या मुलीची गोष्ट तशी नाही. औषधाला दाद न देणारा रक्तक्षय आणि थांबलेली उंची ही दोन लक्षणं सीलिअ‍ॅककडे चांगलीच बोट दाखवतात, जुलाब नसले तरी. (जुलाब नाहीत म्हणजे सीलिअ‍ॅक नाही, हा समज आता सोडून द्यायला हवा. बद्धकोष्ठाची मुलंही निघतात.) त्यामुळे तिचे ३.२ पट मला वजनदार वाटतात. पक्के नाही, वजनदार.

इथे माझी स्वतःची एक चूक सांगते. बरीच वर्षं झाली. एका मुलाचं टीटीजी आयजीए आलं होतं, निगेटिव्ह, अगदी शून्याला टेकलेलं. मी सही केली, रिपोर्ट गेला. वर्षभराने तोच मुलगा आणखी खंगून दुसरीकडे दाखल झाला, बायोप्सीत आतडं सपाट निघालं. त्याच्या शरीरात आयजीए या प्रकारची प्रतिपिंडंच जवळजवळ बनत नव्हती. जे मुळातच नाही ते तपासणीत दिसणार कसं? सीलिअ‍ॅकच्या शंभर रुग्णांत असे दोन-तीन असतात, सर्वसाधारण लोकांपेक्षा बरेच जास्त. म्हणून टीटीजी आयजीएबरोबर 'टोटल आयजीए' ही साधी तपासणी एकदा तरी व्हायलाच हवी. ती फार कमी असेल तर आयजीजी प्रकारच्या तपासण्यांकडे, म्हणजे डीजीपी आयजीजी (गव्हाच्या त्या बदललेल्या तुकड्याविरुद्धची) किंवा टीटीजी आयजीजीकडे वळायचं आणि बायोप्सीचा विचार लवकर करायचा. मी तेव्हा ती मागवली नव्हती. डॉक्टरांनी लिहिली नव्हती, हे खरं, पण तो शून्याला टेकलेला आकडा पाहून मला फोन उचलता आला असता. आता माझ्याकडे टोटल आयजीएशिवाय टीटीजीचा निगेटिव्ह रिपोर्ट 'टोटल आयजीए करून घ्या' या शेऱ्याविना बाहेर जात नाही. तुमच्या मुलीपुरती ही काळजी नाही, कारण तिचं आयजीए प्रकारचंच टीटीजी पॉझिटिव्ह आलंय. म्हणजे आयजीए बनतंय.

ईएमएबद्दल सांगते म्हटलं होतं. ही तपासणी १९८३ पासूनची. माकडाच्या अन्ननलिकेचा किंवा मानवी नाळेचा पातळ काप काचपट्टीवर असतो, त्यावर पेशंटचं सीरम सोडायचं, मग चमकणारं रसायन, मग अंधाऱ्या खोलीत फ्लुरोसन्स मायक्रोस्कोप. पॉझिटिव्ह असेल तर स्नायूंच्या धाग्यांभोवती हिरवट जाळं उजळतं, मधाच्या पोळ्यासारखं. खूप विश्वासार्ह तपासणी, पण ती डोळ्याने वाचायची असते आणि डोळा तयार व्हायला वर्षं जातात. महागही पडते, म्हणून सगळीकडे होत नाही, नमुना मोठ्या शहरात पाठवावा लागतो. काठावरच्या टीटीजीला ईएमएची साथ मिळाली तर निदानाचं पारडं बरंच झुकतं. पण हीसुद्धा गहू बंद केल्यावर विझते. त्यामुळे तुमच्या मुलीची आत्ता करण्यात अर्थ नाही.

काही रिपोर्टांत एजीए, म्हणजे अँटिग्लायडिन, नावाची जुनी तपासणी अजून दिसते. तिच्यावर निदान करू नका. 'फूड इनटॉलरन्स'च्या नावाने शंभर-दोनशे पदार्थांची आयजीजी यादी विकली जाते, तिचा सीलिअ‍ॅकशी संबंध नाही, पैसे वाचवा. आणि गव्हाची अ‍ॅलर्जी दाखवणारी आयजीई तपासणी वेगळ्याच आजाराची आहे.

आपल्याकडचा एक मुद्दा मला मांडायचा आहे, कारण परदेशी मार्गदर्शक सूचनांत तो सहसा येत नाही. 'गहू खात असताना तपासणी करा' हे वाक्य पंजाबात आणि मंगळवेढ्यात एकाच अर्थाने लागू पडत नाही. सोलापूरला असताना मला ज्वारी खाणाऱ्या घरांतली मुलं दिसायची. दोन्ही वेळा भाकरी, गहू सणासुदीला पुरणपोळीत, रोजचा म्हणाल तर चहाबरोबर दोन बिस्किटं. अशा मुलाचं टीटीजी काठावर आलं तर तो काठ मी वेगळ्या नजरेने वाचते. भारतातच तीन भागांत केलेल्या एका मोठ्या अभ्यासात, जो २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला, उत्तरेत १.२३ टक्के लोकांच्या रक्तात ही प्रतिपिंडं सापडली, ईशान्येत ०.८७ टक्के आणि दक्षिणेत ०.१० टक्के. जनुकीय खुणा तिन्हीकडे भरपूर होत्या. मोठा फरक ताटात होता: उत्तरेत माणशी दिवसाला ४५५ ग्रॅम गहू, दक्षिणेत २५ ग्रॅम. आपला महाराष्ट्र या दोन्हींच्या मधोमध, आणि घराघरात वेगळा. तुम्ही लिहिलेलं नाही, पण डॉक्टरांना नक्की सांगा: पहिल्या तपासणीच्या वेळी ती रोज किती पोळ्या खात होती? डब्यात रोज पोळीभाजी असेल तर ३.२ पट म्हणजे ३.२ पट. रोज भात आणि भाकरी असेल आणि तरीही एवढं आलं असेल, तर त्याकडे मी अधिक गांभीर्याने बघेन.

आता पुढे काय करायचं. मी तुमच्या जागी असते तर गहू सुरू करण्याआधी डॉक्टरांना एक विचारलं असतं: एचएलए डीक्यू२ आणि डीक्यू८ ची तपासणी आधी करून घ्यायची का? ही जनुकांची तपासणी आहे. गहू खा, सोडा, तिच्यात फरक पडत नाही. ती पॉझिटिव्ह आली तर फारसं काही सिद्ध होत नाही, कारण निरोगी लोकांतही तीसेक टक्क्यांना, काही भागांत त्याहून जास्त जणांना, या खुणा असतात. पण दोन्ही निगेटिव्ह आल्या तर सीलिअ‍ॅक जवळजवळ बाद होतो, आणि मुलीला गहू देऊन परीक्षा बघायची गरजच उरत नाही, रक्तक्षयाचं कारण दुसरीकडे शोधायचं. खर्च काही हजारांत जातो, म्हणून सगळ्यांना सुचवत नाही. तुमच्यासारख्या आधीच गहू बंद करून बसलेल्यांनाच तिचा खरा उपयोग.

ती पॉझिटिव्ह आली, किंवा करायची नसेल, तर मग तुमचे डॉक्टर म्हणतात तो मार्ग. याला 'ग्लूटेन चॅलेंज' म्हणतात, नाव उगाच भीतीदायक आहे. पाच वर्षांखाली आणि वयात येतानाच्या उंचीच्या झेपेत हे शक्यतो टाळतात. तुमची मुलगी सातची आहे, म्हणजे वेळ बरी आहे. तीस ग्रॅम पिठाची एक पोळी धरली तर तिच्यात साधारण अडीच ग्रॅम ग्लूटेन असतं. रोज दीड-दोन पोळ्या, सहा ते आठ आठवडे, असं ढोबळ माप समजा. नक्की किती आणि किती दिवस ते डॉक्टर तिच्या वजनावर आणि तब्येतीवर ठरवतील. आधी थोडी देऊन मग वाढवा. पोटदुखी, जुलाब, उलट्या जास्त झाल्या तर 'अजून चार आठवडे राहिलेत' म्हणून ताणत बसू नका, डॉक्टरांना कळवा. अशा वेळी तपासणी अलीकडे आणता येते. लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट अशी की आतडं आधी बिघडतं, रक्तातली प्रतिपिंडं मागून चढतात. लवकर थांबलात आणि रक्त निगेटिव्ह आलं, तरी दोन ते चार आठवड्यांनी पुन्हा पाहिल्यावर ते चढलेलं दिसू शकतं.

तुम्हाला हे क्रूर वाटतंय, समजतं. पण या आजाराचं कारण सापडलं तेच अशा बंद-चालू करण्यातून. विलेम डिके नावाचे डच बालरोगतज्ज्ञ होते. मुलांच्या आहारातून गहू काढून ते आधीपासून पाहत होतेच. १९४४-४५ च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये उपासमार झाली, पाव मिळेनासा झाला, आणि त्यांच्याकडची ही मुलं त्या उपासमारीतही सुधारली. पाव परत आला तशी पुन्हा खालावली. पुढे त्यांनी आणि सहकाऱ्यांनी गहू देऊन आणि काढून मुलांच्या शौचातली चरबी मोजली, तेव्हा ते शास्त्र झालं. नुसती सुधारणा पाहून त्यांनीही निष्कर्ष काढला नाही.

तुमच्या मुलीचं दीड किलो वजन वाढलं, त्याकडे मी दुर्लक्ष करत नाही. पण गहू बंद म्हणजे बिस्किटं, नूडल्स, वडापावचा पाव, बेकरीचे पदार्थही बंद. त्याजागी भाकरी, तूप, अंडी आली असतील. आई डोक्यावर उभी राहून जेवू घालत असेल. वजन वाढायला ही कारणंही पुरतात.

आणि एंडोस्कोपीच कशाला, तर आतडं कशाने सपाट झालंय ते रक्त सांगत नाही, आणि सपाट झालंय की नाही हेही खात्रीने सांगत नाही. लहान आतड्याच्या आतल्या बाजूला व्हिलाय असतात, मखमलीवरच्या लवेसारखे बारीक उंचवटे. सीलिअ‍ॅकमध्ये ते आखूड होतात, मग नाहीसे होतात, आणि मधल्या खोबणी खोल जातात. आम्ही त्याला मार्श या संशोधकाच्या नावाने श्रेणी देतो. पण आपल्याकडे जिआर्डियासारखे परजीवी, ट्रॉपिकल स्प्रू (उष्ण प्रदेशातला आतड्याचा एक आजार), क्षयरोग हेही याच आतड्यात गोंधळ घालतात. बायोप्सी पाहून त्यातल्या काहींचा सुगावा लागतो. तुमच्या डॉक्टरांना एक विनंती करा, ते करतच असतील, तरी: तुकडे पुरेसे घ्या. ड्युओडेनमच्या, म्हणजे लहान आतड्याच्या पहिल्या भागाच्या, सुरुवातीच्या फुगीर भागातून किमान एक, पुढून किमान चार. आजार ठिगळाठिगळांनी असतो, एकच तुकडा आला आणि तो चांगल्या जागचा निघाला तर मी काय लिहिणार? तुकडा आडवा बसला तर चांगले व्हिलायही तिरके कापले जाऊन आखूड दिसतात. अशा स्लाइडवरून सीलिअ‍ॅक ठरवून आलेली मुलं मी पाहिली आहेत, आणि ब्लॉक, म्हणजे ज्या मेणात तुकडा बसवतात तो ठोकळा, पुन्हा सरळ लावून कापल्यावर व्हिलाय ऐटीत उभे असलेलीही. नंतर दुसरं मत घ्यायची वेळ आली तर नुसता रिपोर्ट नेऊ नका, स्लाइड आणि ब्लॉक मागून न्या. ते तुमचेच असतात.

इथवरचं एका दमात: पहिला रिपोर्ट संशय घेण्याइतका ठळक आहे, निदान करण्याइतका नाही. दुसरा रिपोर्ट गहू बंद असताना काढल्यामुळे कुठल्याच बाजूने मोजू नये. खुलासा व्हायचा तर जनुकांची तपासणी, किंवा गहू सुरू करून टीटीजी, ईएमए आणि बायोप्सी.

काही घरं म्हणतात, आम्हाला गहू सुरू करायचाच नाही, आम्ही असेच राहू. मी वाद घालत नाही. मूल आधी फार आजारी असेल, गव्हाच्या घासाने ओकत असेल, तर डॉक्टरही कधी 'संभाव्य सीलिअ‍ॅक' धरून पुढे जातात. पण तुमच्या बाबतीत मला ते पटत नाही. ही मुलगी अजून साठ-सत्तर वर्षं जेवणार आहे. वसतिगृहात, लग्नाच्या पंगतीत, सासरी. पंधरा वर्षांची झाली की विचारेल, 'मला नक्की आहे का?' तेव्हा तुमच्याकडे दाखवायला एक ६४ आणि एक ७.८ असेल. आणि तेव्हा शोधायचं ठरवलंत तर ती नेमकी उंचीच्या झेपेत असेल. आज सहा-आठ आठवडे परवडतात.

शिवाय खरा सीलिअ‍ॅक असेल तर 'गहू बंद' एवढ्याने भागत नाही, आणि तुमचं बंद नेमकं किती बंद होतं, ही शंका मला आहेच. रवा, मैदा, शेवया बंद केल्या असतील. खपली गहू? तोही गहूच, 'जुना गहू चालतो' असं सांगणाऱ्यांवर विसंबू नका. सातूचं पीठ, कुरडया, थालीपिठाची भाजणी, सगळ्यांत गहू असतो. फोडणीच्या हिंगात बहुतेकदा गव्हाचं पीठ किंवा मैदा मिसळलेला असतो, डबीच्या पाठीवर वाचा. आणि गिरणी. गव्हाच्या पाठोपाठ तुमची ज्वारी त्याच जात्यात पडली तर भाकरी ग्लूटेनमुक्त राहत नाही. आपल्या कायद्यात ग्लूटेनमुक्त म्हणजे किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा कमी, गिरणीतल्या मिसळीला ती रेषा ओलांडायला वेळ लागत नाही. निदान पक्कं असेल तर आयुष्यभर एवढं सांभाळावं लागतं. नसेल तर तिला हे ओझं कशाला?

आता धाकटा भाऊ. तीन वर्षांचा, धडधाकट, 'त्याचंही टीटीजी करून टाकू का' असं विचारलंय. बहिणीचं निदान पक्कं झालं तर त्याचं करायलाच हवं, लक्षणं असोत वा नसोत, आणि तुमचं दोघांचंही. सख्ख्या नात्यात साधारण दहा-बारा जणांत एकाला हा आजार निघतो. त्याच्या वेळी टोटल आयजीए विसरू नका. पण आत्ता त्याचं रक्त देऊ नका, कारण तुम्ही घरातल्या सगळ्यांचाच गहू बंद केलाय आणि त्याचा रिपोर्टही तसाच येईल, स्वच्छ आणि निरुपयोगी. बहिणीचं काय ते डॉक्टरांशी बोलून ठरवा. त्याला मात्र आज रात्रीपासूनच पोळी वाढा.